सोमवारची वैरण

मी खाली सही करणारी दानेश्वरी शरणबसव बिराजदार, वय वर्षे छप्पन्न, धंदा कडक भाकरी, राहणार शेळगी, सोलापूर, पूर्ण शुद्धीत राहून लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचं काय करायचं ते मी स्वतः ठरवलेलं आहे. मी शुद्धीत आहे हे डॉ. उदयसिंह माने यांनी तपासलं. दाखला मागे टाचला आहे. तपासताना त्यांनी मला आज वार कोणता असं विचारलं. मी वार सांगितला आणि त्या वारी त्यांचा दवाखाना अर्धा तास उशिरा का उघडतो तेही सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. सही केली.

माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तर मी ते एव्हाना थापून, भाजून, उन्हात वाळवून पिशवीतून विकलं असतं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वेळ नव्हता. वेळ मिळाला तो गेल्या चैत्रात, पारा त्रेचाळीसवर असताना मी शेडमध्ये तव्यासमोर आडवी झाले त्यानंतर. हृदयाच्या नळीत दोन स्टेंट बसले. घरी सोडताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘विश्रांती, तीन आठवडे’. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पुढून मागून पाहिली, गोळ्या काढून दिल्या आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, ‘अक्का, हे आपल्याकडं येत नाही.’

आमच्याकडंही येत नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

मल्लप्पा वकिलांनी बजावलं आहे की मृत्युपत्रात कोणाला काय एवढंच लिहावं, का ते लिहू नये. पण का लिहिलं नाही, तर ते नातेवाईक लिहितात. म्हणून दोन्ही लिहिते. वकीलसाहेबांनाच मी व्यवस्थापक नेमत आहे, म्हणजे त्यांना हे सगळं निदान एकदा वाचावं लागेल.

१. राहतं घर

शेळगीतलं वर-खाली चार खोल्यांचं घर, पुढचे रस्त्याकडेचे दोन गाळे आणि मागचं पत्र्याचं शेड माझ्या नावावर आहे. वकिलांनी त्यापुढं ‘स्वकष्टार्जित’ असं टाइप केलं आहे. तो शब्द मी तूर्त राहू दिला आहे. त्याच्याशी मला पुढं बोलायचं आहे.

माझ्या पश्चात माझे पती शरणबसव यांनी हयात असेपर्यंत ह्या घरात राहावं. त्यांना कोणी उठवू नये. तसं त्यांना उठवणं सोपं नाहीच. बावीस वर्षांपूर्वी बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा बाकीच्या लोकांनी विचाराला महिना घेतला. ह्यांनी जेवणाच्या सुट्टीत अर्ज दिला आणि जेवायला घरी आले ते परत गेले नाहीत. वय चाळीस. तेव्हापासून ते विश्रांती घेत आहेत, आणि मला कबूल केलं पाहिजे की हे काम त्यांनी एक दिवस न चुकवता केलं. सकाळची विश्रांती पेपर वाचून. दुपारची कूलरसमोर. संध्याकाळची सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर चार मित्रांसोबत, जिथं आजच्या पोरांना कष्ट नकोत ह्या विषयावर रोज बैठक बसते.

मी दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी हे पलंगावरून म्हणाले, ‘दानू, तू अजिबात उठायचं नाहीस हं. पडून राहा.’ मला बरं वाटलं. मी पडले. पाच मिनिटांनी आवाज आला, ‘झोपलीस का? नाही, उठशील तेव्हा माझाही टाक म्हणायला हाक मारली.’

चहाबद्दल बोलत होते.

सागवानी पलंग, गादी आणि कूलर मी त्यांनाच देते. कूलरमध्ये पाणी ओतावं लागतं. हे कलम मुद्दाम घातलं आहे, कारण कूलर आपोआप भरतो अशी त्यांची बावीस उन्हाळ्यांची समजूत आहे. बादली मोरीत, डाव्या हाताला.

२. दीर आणि जाऊ

माझे धाकटे दीर सिद्धलिंग हे लोकांना पहाटे चारला उठायला शिकवतात. त्यांची शिबिरं होतात, फी असते, शेवटी सगळे मुठी आवळून ओरडतात. रोज पहाटे चारला त्यांचा व्हिडिओ येतो. अंघोळ झालेली, कपाळाला विभूती, मागं समई. ‘जग झोपलंय, तुम्ही जागे आहात.’ हा व्हिडिओ आदल्या संध्याकाळी साडेसातला काढतात. खिडकीवर काळं कापड धरावं लागतं. ते माझी जाऊ राजेश्वरी धरते. पहाटे चारला तो मोबाइलवरून सोडायचं कामही तिचंच, कारण त्या वेळी वक्ते झोपलेले असतात. पुढं ती जागीच राहते. दूध येतं, पाणी येतं, पोराचा डबा असतो. नऊला वक्ते उठतात.

मला बघायला आले तेव्हा खुर्ची ओढून म्हणाले, ‘वहिनी, हृदय हे मनाच्या ताब्यात असतं. तुम्ही सकारात्मक नव्हता.’ राजेश्वरी मागं उभी होती. ती म्हणाली, ‘वहिनी, तुमच्या खोलीत मी जरा पडू का?’ आणि माझ्या पायाशी दीड तास झोपली. मला आलेल्या भेटींमध्ये एवढी चांगली भेट दुसरी नाही.

सिद्धलिंग यांना मी माझी पुरस्काराची ट्रॉफी देते. तिच्यावर कुदळ उगारलेला पितळी माणूस आहे, कुदळ तुटलेली आहे. पुरस्काराचं पुढं येईलच. राजेश्वरीला कपाटातल्या अकरा चादरी. आपल्याकडं सोलापूरकराचा सत्कार सोलापुरी चादर देऊनच करतात, त्यामुळं माझे सगळे सत्कार घडीसुद्धा न मोडता शिल्लक आहेत. तिनं त्यातली सगळ्यात जाड काढावी, पहाटे चारला डोक्यावरून घ्यावी आणि जगाबरोबर झोपावं. व्हिडिओ ज्याचा त्यानं सोडावा.

३. मुलगा

माझा एकुलता मुलगा बसवराज ऊर्फ बसू, वय बत्तीस, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. काय काम करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळी तोच मध्ये थांबला आणि म्हणाला, ‘जाऊ दे आई.’

दिवसाचे चौदा तास काम करतो. मी आजारी पडल्यावर दोन दिवस आला, लॅपटॉप माझ्या पलंगावर ठेवून बसला, आणि जाताना मला एक मनगटी घड्याळ बांधून गेला. ते दर तासाला हाताला गुदगुल्या करून ‘उठा, चाला’ म्हणतं. डॉक्टर म्हणतात पडून राहा. एकाला पैसे मी दिलेत, एकाला पोरानं, ऐकायचं कोणाचं? सकाळी ते घड्याळ झोपेला मार्क देतं. मला पहिल्या दिवशी शंभरात एकसष्ट पडले. बसूचा फोन आला, ‘आई, मला बावन्न.’ मार्कांवरून आमचं ह्याआधीचं बोलणं त्याच्या दहावीला झालं होतं, तेव्हा तो लपवत होता. आता सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता.

घड्याळ त्याला परत करावं. घर वडिलांनंतर त्याचं. गाळे आणि शेड सोडून. ते का सोडून, हे त्यानं पुढच्या कलमात सावकाश वाचावं, चालता चालता वाचू नये.

शिवाय माझ्या माहेरची बैलाची घुंगरमाळ त्याला देते. ती सध्या शेडच्या दाराला आहे.

४. भाकरीचं शेड, आणि सोमवार

मी कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावची. आमच्याकडं सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा. माझे वडील कल्लप्पा ह्या बाबतीत हट्टी होते. एका वर्षी पेरणीला दोनच दिवस वाफसा मिळाला, त्यातला एक सोमवार. शेजाऱ्यांनी इकडं तिकडं बघत औत जुंपलं. अप्पा बांधावर बसून राहिले. सोमवारी ते आमच्या कबऱ्या बैलाला आणि त्याच्या जोडीदाराला घासून धुवायचे, गळ्यातल्या घुंगरमाळा काढून खुंटीला टांगायचे, आणि दावणीत रोजच्यापेक्षा दोन पेंढ्या कडबा जास्त टाकून वर सरकीची पेंड घालायचे. मग बैल बसून दिवसभर रवंथ करायचे. सोमवारी आमच्या गावात घुंगरं वाजायची नाहीत. वार त्यावरून कळायचा.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिल्या सोमवारी मी सासूबाईंना विचारलं, आज माझं जू काढायचं का? त्या म्हणाल्या, ‘तू काय बैल आहेस का?’ ह्या प्रश्नाचं उत्तर मी बरीच वर्षं शोधत होते.

ह्यांनी बँक सोडली त्याच्या पुढच्याच महिन्यात मी मागच्या पत्र्याखाली दोन चुली मांडल्या आणि कडक भाकरी करायला लागले. दोनाच्या सहा झाल्या. आज काशम्मा, गंगम्मा, ईरम्मा, मथुराबाई, निंगव्वा आणि सुगलाबाई अशा सहा बायका थापतात. काशम्मा पहिल्या दिवसापासूनची. तिनं थापलेली भाकरी उजेडाला धरली तर पलीकडचा माणूस दिसतो. मजुरी शेकड्यावर, जेवढ्या थापाल तेवढी. आणि पहिल्याच आठवड्यात मी जाहीर केलं की सोमवारी आपल्याकडं तवा चढणार नाही. अप्पांची घुंगरमाळ आणून दाराला बांधली.

ह्या सोमवाराचा मला फार अभिमान होता. नव्या गिऱ्हाइकाला मी भावाच्या आधी सोमवार सांगायची. गेल्या वर्षी एका क्लबनं मला वर म्हटलेला पुरस्कार दिला. कार्यक्रम नेमका सोमवारी संध्याकाळी. मी बैलांची गोष्ट सांगितली, जुवाची, वाफशाची. सभागृह उभं राहिलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. मी सहाजणींना आग्रहानं बोलावलं होतं, पण काशम्मा आणि आणखी तिघी आल्या नाहीत. घरी येऊन मी ह्यांना म्हणाले, ‘बघा, सुट्टी असून आल्या नाहीत.’

बसूचा मात्र सोमवाराला विरोध. शनिवार-रविवारी मोबाइलवरून ऑर्डरी साठतात आणि सोमवारी आपण कुलूप लावतो, हे त्याला झोंबतं. एकदा त्यानं भिंतीवर चित्रं पाडून मला तासभर समजावलं. शेवटच्या चित्रात भाकरीचं मशीन होतं. ‘मशिनला वार नसतो आई.’ मी तेव्हाच ठरवलं होतं की मृत्युपत्र करायचं तर एवढ्यासाठी करायचं. माझ्यामागं माझा सोमवार कोणी मोडू नये. ह्या कलमाचा पहिला मसुदा तसाच होता. ‘सोमवारी तवा चढवणाऱ्याचा शेडवरचा हक्क संपेल’, एका ओळीत.

मग माझ्या विश्रांतीचा दुसरा सोमवार आला.

डोकं जड झालं होतं. वाटलं, काशम्मा घरीच असेल, तिला बोलवावं, ती तेल घालून कपाळ दाबेल, चार गोष्टी होतील. फोन केला. तिच्या सुनेनं उचलला.

‘आत्या कामाला गेलीय की.’

मी म्हटलं, अगं आज सोमवार.

‘व्हय. सोमवार म्हणूनच तिकडं गेलीय.’

संध्याकाळी काशम्मा आली. धावतपळत, निरोप ऐकून, मला काही झालं असेल म्हणून. दारात उभी राहिली. मी म्हटलं, ये, कपाळाला हात लाव. तिनं हात पदरात घेतले.

‘नको अक्का. हाताला तिखट हाय. डोळ्यात जाईल तुमच्या.’

नखं लाल होती, मनगटापर्यंत.

‘कुठलं तिखट?’

‘शेंगाचटणीचं की. तितं उखळावर असती मी सोमवारी. गंगम्मा बी येती. ईरम्मा दोन घरला धुण्याला जाती.’

‘कधीपासून?’

‘तुमी सोमवार चालू केलाव तवापासनं.’

‘म्हणजे बावीस वर्षं तू सुट्टी घेतलीच नाहीस?’

काशम्मा विचारात पडली. मला वाईट वाटू नये असं काहीतरी ती शोधत होती, हे दिसत होतं.

‘घेती की,’ ती म्हणाली. ‘मंगळवारी हितं आलं की लई बरं वाटतंय. तिकडचं मुसळ जड हाय.’

‘अगं मग मला सांगायचं नाहीस?’

‘काय सांगायचं? तुमी एवढ्या हौसेनं दिलाव. न्हाय म्हणलं तर बरं दिसतंय का?’

‘पण सुट्टी तर दिली होती ना मी.’

‘दिलाव की अक्का. तव्याला दिलाव. पोटाला कुटं दिलाव?’

रागानं नाही म्हणाली. भाकरी परतावी तसं म्हणाली, आणि मोरीत हात धुवायला गेली. साबण तीनदा लावला. तरी कपाळाला हात लावला नाही, पाय दाबले.

मी पडल्या पडल्या अप्पांची दावण बघत होते. अप्पांनी सोमवारी जू काढलं, पण दावण रिकामी ठेवली नाही. उलट दोन पेंढ्या जास्त. मी माहेराहून रिवाज आणला तो अर्धाच आणला, आणि अर्धा निवडताना बरोबर तो निवडला ज्याला काही लागत नाही. कबऱ्याला सोमवारी कडबा मिळाला नसता तर तोही दावं तोडून दुसऱ्याच्या औताला गेला असता, आणि अप्पा बांधावर बसून स्वतःच्या धर्माचं कौतुक करत राहिले असते. त्यांना तेवढी अक्कल होती. मला ट्रॉफी होती.

आता त्या शब्दाकडं येते. ‘स्वकष्टार्जित’. कष्टाला आम्ही सातजणी होतो. ‘स्व’ मात्र माझ्या एकटीच्या नावावर लागला, आणि सोमवारही.

म्हणून पहिला मसुदा रद्द करून लिहून ठेवते:

मागचं शेड, चुली, तवे, काठवटी, पीठ चाळायचं यंत्र, परवाना आणि धंद्याचं नाव माझ्या पश्चात वर लिहिलेल्या सहाजणींचं, सारख्या वाट्यानं. कोणी सोडून गेली किंवा वारली तर तिच्या जागी कोण हे उरलेल्या ठरवतील; माझ्या घरच्यांनी त्यात बोलू नये. माझ्या आईची बाभळीची काठवट काशम्माची, स्वतंत्र.

रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांचं भाडं सोमवारसाठी बांधून दिलं आहे. त्यातून सहाजणींना सोमवारची मजुरी मिळेल. किती, तर आदल्या आठवड्यात सगळ्यात जास्त थापल्या त्या दिवसाइतकी. सरकीची पेंड ती हीच.

५. हरकती

हे मी घरात सांगितलं तेव्हा दोन हरकती आल्या. नोंद असावी म्हणून देते.

ह्यांनी पेपर खाली केला. ‘गाळ्यांचं भाडं सगळं? मग माझं काय?’

मी म्हटलं, ‘तुमचं आहे तसं आहे. तुम्हाला बावीस वर्षं आठवड्याला सात सोमवार आहेत. वैरणीसकट.’

त्यांनी पेपर पुन्हा वर केला. मग म्हणाले, ‘वैरण कमी तिखट करत जा, एवढंच.’ ह्या माणसावर मला पूर्ण रागावता आलेलं नाही, हे माझ्या धंद्याचं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

बसूचा फोन रात्री जेवणाच्या वेळी आला. ‘आई, न केलेल्या कामाचे पैसे? असं कुठं असतं?’

‘तुझ्या शनिवार-रविवारचे कोण देतं?’

‘ते पगारात असतात.’

‘हं.’

‘तसं नाही गं. आणि मी तर रविवारीही काम करतो.’

‘म्हणजे वैरण खाऊन तू परत औताला जाऊन उभा राहतोस. कोणी न सांगता. तुझ्या आजोबांनी असा बैल पाहिला नव्हता बाबा.’

तो हसला नाही. पलीकडं कळफलकाचा टकटक आवाज येत होता, तो थांबला. मग म्हणाला, ‘ती घुंगरमाळ मला कशाला?’

मी सांगितलं, लॅपटॉपला बांध. सोमवारी नाही जमलं तर तुझा वार तू निवड. त्या दिवशी काढून खुंटीला लाव, म्हणजे शेजाऱ्यांना वार कळेल.

तिसरी हरकत बाहेरची. चटणीवाले मालक फोनवर म्हणाले, तुम्ही आमच्या उखळावरच्या बायका फितवल्या. त्यांना मी ह्या मृत्युपत्रात काही देत नाही. मुसळ हलकं करून घ्यावं, एवढा सल्ला देते.

६. माझी माती

आमच्यात देह बसवून पुरतात. ह्यात बदल करू नये. बसायला मिळणार म्हणून मी बरीच वर्षं तिकडं डोळे लावून आहे. सिद्धलिंग यांनी तिथं भाषण करू नये. करायचंच झालं तर पहाटे चारला करावं, खरोखरच्या.

मी सोमवारी गेले तर कामाचा खोळंबा नाही. दुसऱ्या वारी गेले तर शेड एक दिवस बंद. पगारी.

७. सही

हा शेवटचा भाग मी मल्लप्पा वकिलांना तोंडी सांगते आहे. आज सोमवार आहे, लिहिण्याचं काम त्यांचं, त्यांची फी ठरलेली आहे. दोन्ही साक्षीदार आले आहेत. डॉक्टर माने, आणि आमची ज्वारी दळणारे बिरदेव कोळेकर. काशम्मालाही साक्षीला घ्यायचं मनात होतं, पण जिला मिळतं तिनं साक्ष देऊ नये असं वकील म्हणतात. बरं झालं. ती कामात आहे.

वकिलांनी पेन पुढं केलं. मी म्हटलं, उद्या.

‘अक्का, सही म्हणजे काय काम का?’

ही भाकरी थापायला बावीस वर्षं लागली आणि सही ही शेवटची थाप आहे. काम आहे.

डॉक्टरांनी घसा साफ केला. ‘तुमची तब्येत बघता एक रात्रसुद्धा...’ आणि थांबले. वकिलांनी ते वाक्य पूर्ण केलं. आज रात्री काही झालं तर हा कागद रद्दी. सगळं वारसांना जाईल, शेड बसूला, त्याच्यामागोमाग मशीन.

खरं आहे. म्हणून ज्याला थांबता येत नव्हतं ते मी ह्या कागदाच्या भरवशावर ठेवलंच नाही. गाळ्यांचं भाडं नोंदणी करून आधीच सहाजणींच्या नावे वळवलं आहे. बसूनं त्यावर संमतीची सही केली. सहाजणींना माझ्या मरणाची वाट बघायला लावणं मला बरं वाटलं नाही. पगारी सोमवार जूनपासून सुरू झाला. पहिल्या सोमवारी काशम्मा सकाळी सातला डबा घेऊन हजर. ‘काम न्हाय तर पैसे कशाचे? निदान झाडू तरी मारू द्या.’ तिनं अंगण झाडलं, तवे घासले, पत्र्यावरची जळमटं काढली, आणि दुपारी माझ्यावर रागावून घरी गेली. दुसऱ्या सोमवारी अंगण झाडून काठवटीला टेकून बसली. घरी सून आणि नातवंडं पडू देत नाहीत म्हणून ती इथं येते. तिसऱ्या सोमवारपासून आडवी होते.

आज सहावा. वकील विचारत आहेत, मागून हा आवाज कसला. शेडमध्ये कोणी आजारी आहे का?

मी म्हटलं, काशम्मा आहे. ड्यूटीवर आहे. हळू बोला.

बिरदेव चपला हातात घेऊन बाहेर पडले. उद्या येतो म्हणाले.

ठिकाण: शेळगी, सोलापूर
तारीख: १५ जुलै २०२५, मंगळवार (वार लिहायची पद्धत नसते, इथं लिहावा असा माझा आग्रह)

सही: दानेश्वरी शरणबसव बिराजदार
रात्र काढली. झोपेला किती मार्क पडले माहीत नाही, घड्याळ काढून ठेवलं होतं.

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना समोर बसून पाहिलं:
१. डॉ. उदयसिंह माने, दवाखाना, शेळगी (आज वेळेवर आले)
२. बिरदेव कोळेकर, पिठाची गिरणी, शेळगी (सोमवारी बंद)

मसुदा व लेखन: अ‍ॅड. मल्लप्पा हिरेमठ